विंडोज ७ मधून नाहीसा झालेला पेंट फॉरमॅट न करता परत कसा आणावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या जुन्या संगणकावर विंडोज ७ होम प्रीमियमची ६४ बिट आवृत्ती आहे. संगणक हलका व्हावा म्हणून घरातल्या कोणीतरी सफाईचा एक प्रोग्राम चालवला, त्याच सुमारास अँटिव्हायरसनेही काही फाइली बाजूला काढल्या, आणि तेव्हापासून अ‍ॅक्सेसरीजमधला पेंट हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम दिसेनासा झाला आहे. विंडोजची डीव्हीडी आपल्याजवळ नाही. एका परिचिताने फॉरमॅट मारायला सांगितले, दुसऱ्याने पेंट उतरवून घेण्यासाठी एक लिंक पाठवली. पण मुलांची कित्येक वर्षांची चित्रे त्याच डिस्कवर असल्यामुळे आपण अजून दोन्हींपैकी काहीही केलेले नाही. ते फार चांगले झाले, कारण या दोन्ही सल्ल्यांमुळे आज असलेल्या अडचणीपेक्षा मोठी अडचण उभी राहिली असती.

पेंट कुठून मिळवायचा, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवात त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा असतो : पेंट नेमका कोणत्या अर्थाने गेला आहे? विंडोजमधला एखादा प्रोग्राम ‘गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा केवळ शॉर्टकट गेलेला असू शकतो, तो प्रोग्राम विंडोजच्या ऐच्छिक भागांपैकी असून कोणीतरी बंद केलेला असू शकतो, किंवा त्याची मूळ फाइलच डिस्कवरून गेलेली अथवा बिघडलेली असू शकते. पहिल्या प्रकारात पाच मिनिटांचे काम असते. तिसऱ्या प्रकारात मात्र पेंट हे केवळ लक्षण असते आणि खरे दुखणे डिस्कचे किंवा विषाणूचे असण्याची शक्यता बरीच असते. म्हणून निदान झाल्याशिवाय उपाय सुरू करू नये.

निदानाची पहिली पायरी सोपी आहे. कीबोर्डवरील विंडोजची कळ दाबून धरून आर दाबावे, उघडलेल्या रन या छोट्या चौकटीत एमएसपेंट हे नाव लिहावे आणि एंटर दाबावे. (या उत्तरातील सर्व आज्ञा मी देवनागरीत लिहीत असलो तरी त्या संगणकावर इंग्रजी अक्षरांतच लिहायच्या आहेत, आणि एमएसपेंट हा एकच सलग शब्द आहे.) पेंट उघडला, तर तो कुठेही गेलेला नाही, केवळ स्टार्ट मेनूमधील त्याचा शॉर्टकट पुसला गेला आहे. ‘विंडोजला ही फाइल सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर पुढे जाऊन फाइल डोळ्यांनी पाहावी लागेल. आणि काहीच झाले नाही, किंवा वेगळीच एखादी तक्रार दिसली, तर फाइल जागेवर असूनही तिचा एखादा जोडीदार हरवलेला आहे असे समजावे. या जोडीदाराविषयी पुढे लिहितो.

शॉर्टकटच गेला असेल, तर सी ड्राइव्हमधील विंडोज या फोल्डरात, त्यातील सिस्टम३२ मध्ये जाऊन एमएसपेंट ही फाइल शोधावी, तिच्यावर उजवी क्लिक करून ‘सेंड टू’मधून डेस्कटॉपवर शॉर्टकट तयार करावा आणि हवा असल्यास तो स्टार्ट मेनूच्या अ‍ॅक्सेसरीज फोल्डरात नेऊन ठेवावा. मूळ फाइल मात्र हलवू नये. येथे एक गोष्ट तपासून पाहावी, असे मला वाटते. अ‍ॅक्सेसरीजमधून एकटा पेंट गेला असेल तर तो चुकून पुसला गेला असे मानता येते. पण स्टार्ट मेनूतील बहुतेक फोल्डर रिकामे दिसत असतील, तर त्यामागे एक जुना प्रकार असू शकतो. २०११ च्या आसपास डिस्क दुरुस्त करून देण्याचा आव आणणारे काही बनावट प्रोग्राम पसरले होते. ते फाइलींना ‘हिडन’ म्हणजे लपवलेल्या करून ठेवत आणि स्टार्ट मेनूतील सारे शॉर्टकट टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातील एसएमटीएमपी नावाच्या उपफोल्डरात हलवत. तसे असल्यास शॉर्टकट तेथून जसेच्या तसे परत आणता येतात. परंतु त्याआधी कोणी सफाईचा प्रोग्राम चालवला, तर टेम्प फोल्डर रिकामा होतो आणि परतीचा तो रस्ता बंद होतो. म्हणूनच, कारण कळण्यापूर्वी ‘आधी सफाई करून घ्या’ असे मी कोणालाही सांगत नाही.

दुसरा प्रकार पेंटला लागू नाही, पण आपल्यासारखाच प्रश्न इतर प्रोग्रामांविषयी नेहमी येतो म्हणून थोडक्यात सांगतो. विंडोज ७ मधील पत्त्यांचे आणि इतर खेळ, मीडिया सेंटर आणि स्निपिंग टूल (पडद्याचे चित्र टिपणारा प्रोग्राम) हे ऐच्छिक भाग आहेत. कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्राम्स या विभागात विंडोजचे घटक चालू किंवा बंद करण्याची यादी असते. तेथे खूण केली की ते परत येतात आणि त्यासाठी डीव्हीडीची गरज पडत नाही. स्निपिंग टूल त्या यादीत स्वतःच्या नावाने दिसत नाही. ते टॅब्लेट पीसीच्या घटकांबरोबर येते, आणि आपल्याकडे टॅब्लेट नाही म्हणून कोणी ती खूण काढली की स्निपिंग टूलही जाते. पेंट, नोटपॅड आणि कॅल्क्युलेटर यांपैकी कोणीही विंडोज ७ च्या त्या यादीत नसते, त्यामुळे तेथे पेंट दिसला नाही तर घाबरू नये. विंडोज १० मध्ये मात्र २००४ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून (हे वर्ष नव्हे) पेंट ऐच्छिक झालेला आहे, त्यामुळे नव्या संगणकावरचा सल्ला जुन्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळतो, कारण आपण दिलेल्या वर्णनावरून मला याचीच शंका जास्त आहे.

प्रथम सिस्टम३२ फोल्डर विंडोजच्या स्वतःच्या एक्सप्लोररमध्येच उघडून पाहावा. एखादा जुना, ३२ बिटचा फाइल मॅनेजर वापरत असाल, तर ६४ बिट विंडोज त्याला सिस्टम३२ म्हणून परस्पर सिसवाऊ६४ हा दुसराच फोल्डर दाखवते आणि आपण भलत्याच ठिकाणी शोधत राहतो. फाइल जागेवर दिसत असूनही ‘सापडत नाही’ असाच संदेश येत असेल, तर रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यातील, ‘इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स’ या विभागात एमएसपेंटच्या नावाची नोंद आणि तिच्यात ‘डीबगर’ असे मूल्य आहे का, ते पाहावे. तेथे दुसऱ्याच प्रोग्रामचा पत्ता लिहिलेला असेल आणि तो प्रोग्राम आता संगणकावर नसेल, तर विंडोज पेंटऐवजी त्या नसलेल्या प्रोग्रामला हाक मारते व फाइल नसल्याची तक्रार करते, आणि आपण मात्र पेंटच गेला असे समजतो. विषाणू ही युक्ती वापरतात. नोटपॅडच्या जागी दुसरा संपादक बसवणारे काही चांगले प्रोग्रामही वापरतात. रजिस्ट्रीला हात लावण्याची सवय नसेल, तर हे काम जाणत्याकडून करून घ्यावे.

फाइल खरोखरच जागेवर नसेल, तर ती गेली कशी याचा विचार करणे भाग आहे. विंडोज ७ मध्ये अशा फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या अंतर्गत खात्याकडे असते, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही त्या केवळ वाचण्याचा व चालवण्याचा अधिकार असतो. डिलीटची कळ चुकून दाबल्याने एमएसपेंट जात नाही. ती जाण्यासाठी कोणत्यातरी प्रोग्रामने जबरदस्तीने मालकी घेतलेली असावी लागते, किंवा अँटिव्हायरसने ती उचललेली असावी लागते, किंवा डिस्कवरील तो भागच खराब झालेला असावा लागतो. या तीन शक्यतांपैकी शेवटची सर्वांत गंभीर आहे, आणि ती नाकारता येईपर्यंत इतर कशालाही सुरुवात करू नये, असा माझा आग्रह आहे.

म्हणून आजच मुलांची चित्रे आणि इतर सर्व वैयक्तिक फाइली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात, आणि नुसत्या उतरवून न थांबता त्यांतल्या काही दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहाव्यात. प्रोग्राम फाइली मात्र या प्रतीत घेऊ नयेत, कारण विषाणू असलाच तर तो त्यांच्यावाटे पसरतो. प्रत पक्की झाल्यावर सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधील टूल्स या भागातून डिस्कची तपासणी लावावी. संगणक पुन्हा सुरू होताना ती चालेल. हा क्रम मुद्दाम सांगत आहे, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तपासणीचा ताण पडला की ती त्याच वेळी बंद पडल्याचे मी पाहिले आहे, आणि तेव्हा प्रत नसली तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. तपासणीनंतर सी ड्राइव्हवर ‘फाउंड’ या शब्दाने सुरू होणारा लपवलेला फोल्डर तयार झाला असेल, तर मालक हरवलेले फाइलींचे तुकडे त्यात गोळा झालेले असतात. असे तुकडे पुष्कळ निघाले, किंवा काही दिवसांनी तपासणीत पुन्हा नवे दोष दिसले, तर पेंटचा विचार बाजूला ठेवून डिस्क बदलावी.

डिस्क ठीक निघाली, तर अँटिव्हायरसने बाजूला काढलेल्या फाइलींची यादी पाहावी. तिच्यात एमएसपेंट असेल, तर लगेच ‘रिस्टोअर’ दाबण्याचा मोह होतो, तो आवरावा. इतर प्रोग्रामांच्या फाइलींना चिकटणारे विषाणू असतात, सॅलिटी हे त्यांतले कुप्रसिद्ध उदाहरण, आणि अशा वेळी अँटिव्हायरसने पकडलेला पेंट खरोखरच बाधित असतो. यादीत एकटा पेंट नसून इतरही अनेक प्रोग्राम असतील, तर ही शंका बळावते. मग आधी विंडोज बंद असताना, म्हणजे अँटिव्हायरसच्या डिस्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, पूर्ण तपासणी करावी आणि त्यानंतरच दुरुस्तीला लागावे. बाधा तशीच ठेवून आणलेली नवी फाइल चालू होताच पुन्हा बाधित होते.

एवढे झाल्यावर मुख्य उपायाची पाळी येते. दुरुस्तीचे सामान बहुधा आपल्या संगणकातच आहे. विंडोज फोल्डरात विनएसएक्सएस नावाचा एक मोठा फोल्डर असतो, आणि विंडोजचा प्रत्येक घटक आधी तेथे ठेवला जातो. सिस्टम३२ मध्ये दिसणारी एमएसपेंट ही बहुतेक वेळा स्वतंत्र प्रत नसते. डिस्कवरील एकाच मजकुराला दोन ठिकाणी दोन नावे दिलेली असतात, ज्याला हार्ड लिंक म्हणतात. एक नाव पुसले गेले तरी दुसरे नाव शिल्लक असते आणि मजकूर सुरक्षित राहतो, म्हणून पुसली गेलेली फाइल डीव्हीडीशिवाय परत आणता येते. परंतु याच रचनेमुळे मजकूरच बिघडला, तर दोन्ही नावे त्याच बिघडलेल्या मजकुराकडे बोट दाखवतात आणि आतला साठा उपयोगी पडत नाही. पुसली गेलेली फाइल आणि बिघडलेली फाइल यांत मी इतका फरक करतो तो यासाठी. विनएसएक्सएस हा फोल्डर पाहणाऱ्याला अवाढव्य वाटतो, कारण हार्ड लिंकमुळे एकच मजकूर मोजणीत पुन्हा पुन्हा धरला जातो. आणि ‘निरुपयोगी जागा’ समजून त्यातील फाइली हाताने काढणाऱ्यांनी आपला संगणक कायमचा अधू करून घेतल्याची उदाहरणे माझ्यासमोर आलेली आहेत. सफाईच्या प्रोग्रामने तेथे हात घातला नसेल, अशी आशा करू या.

साठ्यातून फाइल परत बसवण्याचे काम एसएफसी हा विंडोजचाच प्रोग्राम करतो. स्टार्ट मेनूच्या शोधचौकटीत सीएमडी लिहावे, वर दिसणाऱ्या नावावर उजवी क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे, आणि काळ्या खिडकीत एसएफसी, मग एक मोकळी जागा, मग उजवीकडे कललेली तिरकी रेघ व तिला जोडून स्कॅननाऊ असे लिहून एंटर दाबावे. जुन्या संगणकावर याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. खिडकी मध्येच बंद करू नये. शेवटी तीनपैकी एक निकाल येतो : काहीही दोष आढळला नाही, दोष आढळले व दुरुस्त झाले, किंवा दोष आढळले पण काही दुरुस्त करता आले नाहीत. दुसरा निकाल आल्यास संगणक पुन्हा सुरू करून पेंट उघडून पाहावा. तिसरा आल्यास विंडोज फोल्डरातील लॉग्ज आणि त्यातील सीबीएस या फोल्डरातली नोंदवही नोटपॅडमध्ये उघडावी व चौकोनी कंसात एसआर असलेल्या ओळी शेवटाकडून वाचत याव्यात. कोणती फाइल दुरुस्त झाली नाही ते त्या ओळींत नावानिशी लिहिलेले असते. नव्या विंडोजसाठी या टप्प्यावर डिझम या प्रोग्रामची ‘रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा सांगितली जाते. ती विंडोज ८ पासून आली आहे. विंडोज ७ ला ती समजत नाही.

एसएफसीने काम झाले नाही, तर मी सिस्टम रिस्टोअरकडे वळतो. सफाईच्या आधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट शिल्लक असेल, तर त्या तारखेची विंडोजची स्थिती परत येते आणि चित्रे, पत्रे यांसारख्या वैयक्तिक फाइलींना धक्का लागत नाही. मात्र मधल्या काळात बसवलेले प्रोग्राम पुन्हा बसवावे लागतात. रिस्टोअर पॉइंट आहेत की नाहीत हे सर्वस्वी आपल्या संगणकाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण अनेक सफाईचे प्रोग्राम पहिल्यांदा तेच पुसतात.

तेही नसेल, तर दुसऱ्या संगणकावरून फाइल आणता येते. परंतु तो संगणकही विंडोज ७ चाच, ६४ बिटचाच, त्याच सर्व्हिस पॅकचा (विंडोजच्या एकत्रित सुधारणांच्या संचाचा) आणि त्याच भाषेचा असला पाहिजे. या कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका संगणकावर अशीच फाइल नेली होती. सिस्टम३२ मध्ये ती व्यवस्थित बसली, पण प्रोग्राम काही उघडेना आणि कोणता संदेशही येईना. अर्धा दिवस शोधल्यावर लक्षात आले की विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रामची यंत्रणा आणि त्याचे मेनू, संदेश वगैरे भाषेचा भाग वेगवेगळ्या फाइलींत असतो. इंग्रजी विंडोजमध्ये हा भाषेचा भाग सिस्टम३२ मधील ईएन-यूएस या उपफोल्डरात, प्रोग्रामच्याच पूर्ण नावापुढे एमयूआय हे शेपूट जोडलेल्या फाइलीत असतो. ती फाइल नसेल, तर प्रोग्राम डोळ्यांसमोर असूनही चालत नाही. वर ज्याला जोडीदार म्हटले तो हाच. तेव्हा दोन्ही फाइली आणाव्यात आणि ज्या त्या फोल्डरात ठेवाव्यात. जागा रिकामी असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी पुरते. जुनी बिघडलेली फाइल तेथे असेल तर आधी तिची मालकी घ्यावी लागते. शेवटी एसएफसीच्या ‘स्कॅनफाइल’ या आज्ञेला त्या एकाच फाइलीचा पूर्ण पत्ता देऊन, आणलेली प्रत अस्सल आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.

आपल्याला पाठवलेल्या लिंकविषयी माझे मत स्पष्ट आहे : ती उघडू नये. विंडोज ७ साठीचा पेंट हा सुटा उतरवून घेण्याचा प्रोग्राम कधीच नव्हता, त्यामुळे अनोळखी जागेवर त्या नावाने जे मिळते ते कोणीतरी आपल्या हेतूने बांधलेले असते. शिवाय विंडोज ७ साठीची सुरक्षेची नियमित दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबलेली आहे, म्हणजे एकदा आत शिरलेल्या गोष्टीला अडवणारे त्या संगणकावर फारसे काही उरलेले नाही.

वरील सर्व उपाय थकले, तरी फॉरमॅटची वेळ येत नाही. त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची आणि त्याच सर्व्हिस पॅकची डीव्हीडी कोणाकडून मिळाली, तर चालू विंडोजमधूनच तिचा सेटअप सुरू करून ‘अपग्रेड’ हा पर्याय निवडता येतो. त्यामुळे विंडोजच्या सर्व फाइली नव्याने बसतात आणि आपले प्रोग्राम व फाइली जागेवर राहतात. संगणकाबरोबर आलेल्या रिकव्हरी पार्टिशनला, म्हणजे उत्पादकाने डिस्कवर राखून ठेवलेल्या भागाला, मात्र हाच उपाय समजण्याची गफलत करू नये. त्यातून संगणक बहुधा कारखान्यातून निघाला त्या स्थितीत जातो, म्हणजे तेही एका अर्थाने फॉरमॅटच असते.

आपल्या घरी याहून जुना, विंडोज एक्सपीचा संगणक असेल, तर तेथे गोष्ट वेगळी आहे. एक्सपीमध्ये पेंट हा अ‍ॅक्सेसरीजच्या घटकांपैकी एक असून तो कंट्रोल पॅनेलमधून काढता व घालता येतो, आणि सिस्टम३२ मधील डीएलएलकॅश या लपवलेल्या फोल्डरात त्याची खरीखुरी वेगळी प्रत असते. तो फोल्डर रिकामा असेल, तर एक्सपीच्या सीडीवरील आय३८६ फोल्डरातील दाबून ठेवलेली फाइल ‘एक्सपांड’ या आज्ञेने मोकळी करून घ्यावी लागते.

आपल्या बाबतीत पुढे काय करायचे ते दोन गोष्टींवरून ठरेल : रनच्या चौकटीत एमएसपेंट लिहिल्यावर आलेला संदेश, आणि अँटिव्हायरसच्या यादीत आणखी कोणत्या फाइली आहेत ते. चित्रांची प्रत करून झाली की या दोन्ही गोष्टी शब्दशः येथे लिहाव्यात, म्हणजे एसएफसी लगेच चालवायचे की आधी विषाणूचा बंदोबस्त करायचा, ते मी निश्चित सांगू शकेन.